द्राक्षांच्या थंडीत जवळा

नाशिकला समुद्र नाही. ही माहिती मला पन्नासाव्या वर्षी किमान चाळीस जणांनी दिली, आणि प्रत्येकानं ती स्वतः शोधून काढल्यासारखी दिली. इस्त्रीवाला, दाताचा डॉक्टर, कॉलेजचा शिपाई, माझी सख्खी बायको. कारण एकच. मी पीएच.डी.ला क्रिल हा विषय घेतला होता.

क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा, काचेसारखा आरपार प्राणी. राहतो थव्यानं, आणि थवा असा की पाण्याचा रंग बदलावा. देवमाशासारखं अवाढव्य धूड या चिमुरड्यांवर पोसलं जातं. मला त्याच्याबद्दल एक प्रश्न पडला होता. म्हणजे खरं तर दुसऱ्यांना पडलेला मी वाचला होता. एकाच जातीचा क्रिल वेगवेगळ्या किनाऱ्यांना राहतो. एका किनाऱ्याला समुद्र वर्षभर जवळपास सारखाच. दुसरीकडे खोलातलं गार पाणी अचानक वर येतं, नदीचं गोडं पाणी मिसळतं, उथळ पाणी उन्हानं तापतं. मग ज्या थव्यानं असे हेलकावे खाल्लेत, तो पुढच्या बदलाला जास्त चांगलं तोंड देतो का? समुद्र तापत चाललाय हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात कोण तगणार, हे कळणं म्हणजे देवमाशापासून मच्छीमारापर्यंत सगळ्यांच्या ताटाची चौकशी करणं.

प्रश्न उत्तम होता. त्याला मिळालेला माणूस तेवढा बेताचा होता. मी कॉलेजात वीसेक वर्षं झुरळ, बेडूक आणि गांडूळ शिकवत आलो. झुरळाची पचनसंस्था मी झोपेतसुद्धा काढतो. एकदा कंटाळून लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर काढली होती आणि ते पाकीट तसंच वधूपित्याच्या हातात दिलं होतं. समुद्राशी माझा संबंध म्हणजे हनिमूनला गोवा, आणि तिथंही मला पहिल्याच दिवशी ऊन लागलं.

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. बारावीला प्रॅक्टिकलमध्ये नापास होता होता मी त्यांना वाचवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. त्यांची आठवण वेगळी आहे. त्यांच्या मते त्यांचं जर्नल मी हरवलं होतं, म्हणून त्या नापास होत होत्या. पुढं त्या समुद्री प्राण्यांवर काम करून, चार ठिकाणी नाव कमावून नाशिकला परत आल्या आणि मी त्यांच्या दारात नोंदणीचा अर्ज घेऊन उभा राहिलो. त्या मला "सर" म्हणत आणि मी त्यांना "मॅडम". आमचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कुणाला घाबरतंय ते कळायचं नाही. मला कळायचं.

पहिल्या वर्षी मी समुद्राचं पाणी घरी केलं. मीठ आणि पाणी, त्यात काय अवघड? स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ, नळाचं क्लोरीनयुक्त पाणी, आणि वजन न करता बायकोच्या आमटीच्या अंदाजानं. त्यात सोडलेल्या जिवांनी तासाभरात माझ्याविषयी मत बनवलं.

दुसऱ्या वर्षीची चूक जास्त सार्वजनिक होती. बुधवारच्या बाजारात नदीकाठी सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांकडं सुका जवळा मिळतो. मी मूठभर घेतला आणि एका व्याख्यानात हात उंच करून म्हणालो, "मित्रहो, क्रिल बघायला दक्षिण ध्रुवावर जायची गरज नाही. तो नाशिकच्या कालवणात आहे!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून मॅडम उठल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कल्ले बघितलेत का?"

मी बघितले नव्हते. क्रिलचे कल्ले बाहेरून उघडे दिसतात, पायांच्या मुळाशी झालरीसारखे. जवळ्याचे पाठीच्या कवचाखाली झाकलेले असतात. जवळा क्रिल नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. म्हणजे दीड वर्ष मी ज्याला क्रिल समजत होतो, तो आमच्या शेजाऱ्यांचा रविवारचा बेत होता.

"आता काय करायचं, मॅडम?"

"काही नाही. खऱ्या क्रिलपर्यंत जायला बोट लागते, ती आपल्याकडं नाही. जवळाही थव्यानं राहतो, किनाऱ्यालगत राहतो. क्रिलबद्दलचा प्रश्न जवळ्याला विचारायचा. पण प्रबंधात पहिल्या पानावर लिहायचं की हा क्रिल नाही."

"पहिल्याच पानावर?"

"ठळक अक्षरात, सर."

मग प्रयोग ठरला. डहाणूच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी जवळा मिळतो, आणि तिथूनच बोट थोडी आत गेली की मोकळ्या समुद्रातही. जात तीच, मॅडमनी भिंगाखाली तपासली होती. खाडीतला रोज हेलकावे खाणारा, समुद्रातला सुखवस्तू. दोघांना जिवंत नाशिकला आणायचं, दोन दिवस एकाच पाण्यात ठेवायचं आणि पाणी हळूहळू तापवून किंवा गार करून कोण किती सोसतं ते बघायचं. ऐकायला सोपं. जवळा मात्र इतका नाजूक की ड्रमला धक्का लागला तरी मरतो. डहाणूहून जव्हारमार्गे नाशिक म्हणजे त्र्यंबकपर्यंत वळणंच वळणं. दोन वर्षं मी गाडीच्या मागच्या सीटवर निळ्या ड्रमांना पट्टे बांधून, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून, बैलगाडीच्या वेगानं घाट चढलो आणि दर वेळी नाशिकला फक्त पाणी पोहोचवलं.

या वर्षीच्या एप्रिलमध्ये अशी अवस्था होती की नोंदणीची मुदत मेअखेर संपत होती. आधी दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही. त्याआधी समितीपुढं निकाल मांडला नाही, तर नोंदणी रद्द. पाच वर्षं गेली असती आणि हातात राहिला असता सुका जवळा.

आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. दोन्ही ड्रम जिवंत पोहोचले. मी प्रयोगशाळेत एसी लावून दोन काचेच्या टाक्यांमध्ये त्यांना सोडलं आणि दोन दिवस बाळंतघराबाहेरच्या बापासारखा येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला एसी बंद पडला. दुरुस्तीसाठी आमच्या भागात दिवसभर वीज राहणार नाही, असा मेसेज आदल्या दिवशीच आला होता. मी तो उघडला होता आणि तळाशी 'धन्यवाद' लिहिलेलं बघून शुभेच्छा समजून बंद केला होता.

खोली तापायला लागली. मॅडम परगावी. मी बायकोला फोन केला.

"अहो, मग दादाकडं न्या की दिंडोरीला. त्याच्या प्रीकूलिंगला जनरेटर आहे."

माझा मेहुणा द्राक्षवाला. बागेतून काढलेला माल बाहेरदेशी पाठवण्याआधी झटपट गार करावा लागतो, त्यासाठी त्यानं शेताच्या कडेला बांधलेली जाड भिंतींची खोली म्हणजे प्रीकूलिंग. समोरच्या भिंतीत मोठाले पंखे, ते गार हवा पेट्यांमधून ओढतात. त्याच्या बाहेर पॅकिंगचा हॉल, तोही थंडगार, पण माणूस स्वेटर न घालता काम करू शकेल असा. वयानं तो माझ्याहून लहान. तो मला 'दाजी' म्हणतो, आणि त्या शब्दात आदर किती आणि मजा किती हे मी अजून मोजू शकलेलो नाही.

मी टाक्यांना पंप लावून, पुन्हा बैलगाडीच्या वेगानं पोहोचलो तेव्हा तो दारातच उभा होता. वाकून आत बघितलं.

"दाजी, हे काय, पाणी आणलं का?"

"नीट बघ."

"आयला, हलतंय की! मिशाच मिशा दिसत्यात नुसत्या. वास नाय ना येणार? माझी शेवटची खेप हाय आत. द्राक्षाला मासळीचा वास लागला तर तिकडचा गोरा मला फोनवरनं शिव्या देईल."

"जिवंत आहेत. जिवंताला वास नसतो."

"बरं. मग ठेवा हॉलमधी, त्या टेबलावर."

इथं मी ती चूक केली, जिच्यामुळं हे सगळं लिहितोय. हॉल पुरेसा होता. पण माझ्या डोक्यात पाच वर्षं क्रिल होता, आणि क्रिल म्हटलं की बर्फ. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिमनग. जवळा क्रिल नव्हे, हे मी पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. डोक्यात मात्र पान उलटलं नव्हतं. मी म्हणालो, "हॉलमध्ये नको. आत ठेव."

"आत लय गार हाय, दाजी."

"अरे, हे थंडीतलेच प्राणी."

"डहाणूला कधी थंडी पडली?"

"तू द्राक्षाचं बघ."

त्यानं खांदे उडवले. दोघांनी मिळून टाक्या आत नेल्या, एक दाराजवळ, एक पंख्यांसमोर. मालाचं तापमान नोंदणाऱ्या यंत्राला लांब वायरचे काटे असतात, ते द्राक्षाच्या मण्यात खुपसून ठेवतात. त्यातला एक मोकळा होता. मेहुण्यानं तो सवयीनं दाराजवळच्या टाकीत सोडला. "नोंद राहू द्या," म्हणाला. मी लक्षही दिलं नाही, कारण शेजारच्या घरातून आमरसाची हाक आली होती.

आमरस दोन वाट्या घेतला. मग तिसरी आग्रहाची. मग 'जरा पडतो' म्हणून पडलो. उठलो तेव्हा घड्याळात चार वाजले होते.

दार उघडून आत गेलो. पंख्यांसमोरच्या टाकीच्या तळाशी पांढरा थर बसला होता. ढवळलं. काही हललं नाही. तो समुद्रातला जवळा होता. दाराजवळची टाकी, खाडीतल्या जवळ्याची, तीही पडलेलीच होती. मी टाकीला गाल लावला. गालावर बर्फासारखी काच, आणि एका जवळ्याचे पोटाखालचे पाय अगदी सावकाश, वल्ह्यासारखे हलत होते. मग दुसऱ्याचे. मग तिसऱ्याचे.

दोन्ही टाक्या बाहेर हॉलमध्ये काढल्या. तासाभरात खाडीतल्या जवळ्यातले निम्म्याहून जास्त उठून पोहायला लागले, जणू दुपारची झोप त्यांनीच काढली होती. समुद्रातल्यांपैकी एकही उठला नाही.

मी मॅडमना फोन लावला. रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं, आमरसासकट. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मला आत्ता काय सांगितलंत, कळतंय का तुम्हाला?"

"हो. माझी पीएच.डी. बुडाली."

"खाडीतला जगला आणि समुद्रातला मेला. हाच तर आपला प्रश्न होता."

मी फोन हातात धरून हॉलमध्ये उड्या मारल्या. पॅकिंग करणाऱ्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "शेठ, तुमच्या दाजींना गारठा बाधला." मारू द्या म्हटलं टोमणे! पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या टाकीनं काहीतरी उत्तर दिलं होतं.

मेहुणा मात्र हसत नव्हता. तो दारात उभा राहून एकदा पंख्यांकडं, एकदा दाराकडं बघत होता.

"दाजी, एक बोलू? रागवाल."

"आज मी कुणावर रागावणार नाही."

"जी मेली ती पंख्यापुढं होती. जी जगली ती दारात. माझ्या पेट्यासुद्धा सारख्या गार होत नाय. पंख्यापुढचा माल दोन तास आधी गार होतो."

माझी उडी अर्धवट राहिली. म्हणजे खाडीचा जवळा दणकट होता म्हणून जगला, की त्याची टाकी कमी गार झाली म्हणून? काटा एकाच टाकीत होता. दुसरीचं तापमान कुठंच नोंदलेलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मी एक ठरवलं. पंख्याचं मॅडमना सांगायचं नाही. समिती दिंडोरीला थोडीच येणार होती? हे ठरवणं चहा होईपर्यंत टिकलं. कपबशी ठेवताना मेहुण्यानं विचारलं, "मॅडमला पंख्याचं सांगितलं का?"

"सांगतो रे."

"कधी?"

"सावकाश."

"दाजी, माझा एक कंटेनर परत आला होता, आठवतो? का आला? निघताना दारातल्या चार पेट्या उघडून बघितल्या अन् ओके लिहिलं. आतल्या सडलेल्या. ओके लिहिणारा मीच होतो. तिथनं पुढं मी आधी मागची पेटी उघडतो."

बायकोच्या भावाकडून, बायकोच्या माहेरी, तिसऱ्या वाटीच्या आमरसावर असं ऐकणं म्हणजे... असो. मी त्याच्यासमोरच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मग टाक्यांच्या जागा बदलून पुन्हा करायला हवं. एकदा नाही, निदान तीनदा. आणि दोन्हीकडं काटे."

मेहुण्याची द्राक्षं चार दिवसांत संपणार होती. त्यानं मला काही विचारलं नाही. "खोली चालू ठेवतो मेपर्यंत," एवढंच म्हणाला.

मग मी पुन्हा डहाणू. बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा कारभारी, मला एवढ्या फेऱ्यांत ओळखायला लागला होता. तो मला 'मास्तर' म्हणे आणि माझे ड्रम दिसले की खलाशांना ओरडून सांगे, "मास्तर आला, मेलेला जवला घेऊन जायला!" त्या दिवशी मी त्याला खाडीतल्या जवळ्याची गोष्ट सांगितली. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"खाडीचा जवला घट्टच असणार, मास्तर. भरतीला खारा पानी, ओहोटीला गोडा. दुपारी ओहोटीत चिखल तापतो, पहाटे गारगार. रोज दोनदा त्याचा घर बदलतो. दर्यातल्याला काय? आज तोच पानी, उद्या तोच पानी."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलास कधी? तू नुसता ड्रम भरतोस."

खरं होतं. एवढी वर्षं मी त्याच्याकडून जवळा घेतला, माहिती पुस्तकातून.

पहिली फेरी जागा बदलून झाली. खाडीचा जवळा पंख्यांसमोर, समुद्रातला दाराजवळ, दोन्हीत काटे. मॅडम वही घेऊन हॉलमध्ये खुर्ची टाकून बसल्या. मला झोपायला आणि आमरसाला बंदी. दर वीस मिनिटांनी आत जाऊन कोण पडलं, कोण हलतंय ते मोजायचं. मेहुण्यानं मला शेजारच्या बागायतदाराची बंडी दिली होती. ती माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती. दुपारनंतर समुद्रातले पडायला लागले. पंख्यांसमोरचे, म्हणजे जास्त गार झालेले खाडीचे, अजून हलत होते. बाहेर काढल्यावर पुन्हा तेच. निम्म्याहून जास्त उठले. मॅडमनी वही मिटली, माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. बारावीनंतर पहिल्यांदाच.

"एक झालं," त्या म्हणाल्या.

दुसरीही झाली. तिसऱ्या वेळी मी मोखाड्याजवळ चहाला थांबलो. बायकोचा फोन आला. पंपाच्या घरघरीत ऐकू येईना म्हणून पंप बंद केला. बायकोनं विचारलं, "सगळं नीट आहे ना?" मी म्हणालो, "एकदम!" आणि पंप सुरू न करता नाशिकला आलो. दोन्ही ड्रम संपले होते. मे महिन्याचा तिसरा आठवडा. पावसाळी मासेमारी बंदी जवळ आली होती, बोटी ओढून घेण्याची तयारी चालली होती. सादरीकरणाची तारीख आठ दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली तर ती शेजारच्या सीटवर बसलेली. मांडीवर पंप.

"तू कुठं?"

"पंप माझ्याकडं राहील. तुम्ही फक्त गाडी चालवा. आणि चहा मी थर्मासमध्ये आणलाय."

तांडेलसुद्धा त्या दिवशी समुद्रात आत गेला, फक्त माझ्यासाठी. परत आल्यावर दोन्ही ड्रम नीट बांधून दिले, बायकोकडं बघून म्हणाला, "आता पोचेल जवला." पोहोचला. तिसरी फेरी झाली. आकडे तिन्ही वेळी एकाच दिशेला गेले.

सादरीकरण आमच्याच कॉलेजातल्या हॉलमध्ये होतं आणि ऐकायला कुणालाही येता येत होतं. समितीत तीन जण. त्यातले बाहेरचे परीक्षक किनाऱ्यावर आयुष्य काढलेले, चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. मी पहिली स्लाइड लावली: 'हा क्रिल नाही.' त्यांनी मान वर केली. बहुधा त्यांनी असं सुरू होणारं सादरीकरण ऐकलं नसावं.

मी सगळं सांगितलं. वीज गेली ते, आत ठेवलं ते. आमरस वगळला. मॅडमनी डोळे मोठे केले, मग तोही सांगितला. हॉल हसला. आकडे दाखवले. मग परीक्षकांनी विचारलं, "पंख्यांसमोरची आणि दाराजवळची जागा सारखी गार होत नाही, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मी तोंड उघडलं. खरं उत्तर 'मला नाही सुचलं' हे होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"मी सांगतो, साहेब."

मेहुणा. पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. हॉलमध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. तो उभाच राहिला आणि त्यानं गार हवा पेट्यांच्या फटींतून कशी फिरते, पंख्यापुढं ती जोरात का ओढली जाते, कोपऱ्यात का मरगळते, हे पाच मिनिटांत असं सांगितलं की परीक्षक वहीत लिहायला लागले. शेवटी म्हणाला, "अन् साहेब, आम्ही बागेलासुद्धा मधी मधी पाण्याचा ताण देतो. सारखं पाणी पिलेली लाडाची बाग पहिल्या झटक्याला झोपती. जवळ्याचं तसंच दिसतंय."

परीक्षक माझ्याकडं वळले. "मग मला सांगा. खाडीच्या जवळ्याला ही ताकद सवयीनं आली, की पिढ्यान्‌पिढ्या रक्तातच उतरली?"

सगळ्यात अवघड प्रश्न तो. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्याकडं एक छान गोलगोल उत्तर तयार होतं, तीन परिच्छेदांचं. पण मेहुणा मागं अजून उभाच होता. आधी मागची पेटी उघडणारा मेहुणा.

"माहीत नाही, सर," मी म्हणालो. "दोघांना महिनाभर एकाच पाण्यात वाढवल्यावरही फरक राहिला, तर रक्तातलं म्हणता येईल. ते मी केलेलं नाही. माझ्याकडं जवळा महिनाभर जगत नाही."

"कुणाकडंच जगत नाही," ते म्हणाले. आणि चष्मा काढून पुसला.

आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये बायको, मॅडम, मेहुणा आणि मी. दहा मिनिटांनी बोलावलं. बाहेरच्या परीक्षकांनी कागद माझ्यापुढं सरकवला. शिफारस: प्रबंध सादर करण्यास मान्यता. खाली तीन सह्या.

मी वाचला. परत वाचला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिसऱ्यांदा वाचता आला नाही. परीक्षक माझ्याशी न बोलता मेहुण्याकडं वळले होते. "तुमची ती खोली द्राक्षं संपल्यावर रिकामीच असते ना? आमच्याकडं एक मुलगी आहे, तिला पुढच्या वर्षी वापरायला द्याल?"

"द्राक्षं गेली की या," मेहुणा म्हणाला. "फक्त काटे दोन्ही टाक्यांत टाकायचे."

मॅडम माझ्याजवळ आल्या. हात पुढं केला. "अभिनंदन, सर. आधी याची झेरॉक्स काढून ठेवा. तुमच्याकडं कागद टिकत नाहीत."

मी तसाच खाली धावलो, कॉलेजसमोरच्या दुकानात. उलटी-सुलटी बाजू न बघता कागद यंत्रावर ठेवला आणि ओरडलो, "दहा प्रती!" दहा कोरे कागद बाहेर पडले. दुकानदारानं कागद हळूच उलटा करून ठेवला, बटण दाबलं, आणि अकरावी प्रत तीनही सह्यांसकट, अजून गरम, माझ्या हातात आली.